चेहऱ्यापुरती चकती

४ फेब्रुवारी

मामा,

तुझी तब्येत ठीक आहे असं मी धरून चालते, कारण नसली तरी तू कळवणार नाहीस. माझी विचारू नकोस. गेले दहा दिवस करडा रंग दिसला की मला मळमळतं.

निगेटिव्ह पोचली. पाकिटावर तू तीन ठिकाणी 'वाकवू नये' असं लिहिलं होतंस, म्हणून पोस्टमनने ते अगदी सरळ, दाराच्या फटीतून आत ढकललं. फोनवर भागलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकत नाहीस. शिवाय प्रिंट फोनवर दाखवता येत नाही. फोनच्या पडद्यावर गटारसुद्धा सुंदर दिसतं. म्हणून सोबत तीन नमुने पाठवतेय. बघ आणि किळस वाटून घे, मला एकटीला पेलवत नाही.

आधी काय झालं ते नीट सांगते. आईच्या कपाटामागच्या भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला. कपाटात अगदी तळाशी तिचा तो फोटो होता, लग्न ठरायच्या आधी तू काढलेला. चार दिवस कुणाला पत्ता नाही. लक्षात आलं तोवर फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. आईने घाईने ओढला आणि डोळे, कपाळ, उजवा गाल काचेवरच राहिले. हातात आला तो डावा गाल, कान, मान आणि कॉलर. त्या बुरशीचा वास अजून माझ्या नाकातून जात नाहीये. आणि आई! बाबा गेले तेव्हाही ती इतकी खचली नव्हती.

तो फोटो तिच्यासाठी काय होता हे तुला मी सांगायला नको. आजी, म्हणजे तिची सासू, जिवंत असेपर्यंत तिने तो लावू दिला नाही. "खोटा फोटो माझ्या घरात लागणार नाही," असं ती म्हणायची. मग आई कपाट उघडून तो बाहेर काढायची आणि आजीच्या नाकासमोर धरायची, "मी अशी होते. तुमच्या घरात येऊन रापले." माझं सगळं लहानपण ह्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत गेलंय. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली तरी आई अधूनमधून तो काढून बघायची. आपण कधीकाळी गोऱ्या होतो याचा तिच्याकडे तेवढाच दाखला होता.

तर आता तिला तसाच्या तसा फोटो हवाय. मी म्हटलं, चुटकीसरशी करते, फोटोचं दुकान काय चाटायचंय? निगेटिव्ह स्कॅन केली, प्रिंटरला घातली. चौदा प्रिंट झाले. ट्यूबखाली बघावं तर शेवाळ्यासारखे हिरवे, खिडकीत न्यावं तर गुलाबी. आणि चेहरा प्रत्येक वेळी काळपट. आई रोज दुपारी दुकानात येते, स्टुलावर बसते, चष्मा पुसते, प्रिंट हातात घेते आणि म्हणते, "ही मी नव्हे." काल तर तिने तो टेबलावर टाकून पदराला हात पुसले.

तू तेव्हा काय केलं होतंस? सगळं लिही, काही गाळू नकोस.

भिंगरी

११ फेब्रुवारी

भिंगरे,

नमुने पोचले. पहिला पाहून वाटलं, पाण्यात पडलेल्या माणसाचा काढलाय. दुसरा पाहून वाटलं, बुडालाच. तिसरा मी पाकिटातून पूर्ण बाहेर काढला नाही.

शाई थुंकणाऱ्या यंत्राकडून दुसरी अपेक्षा नव्हती. आमच्या वेळी काळा म्हणजे काळा असायचा. तुमच्याकडे काळा बनवायला निळा, लाल, पिवळा असे तिघे एकत्र येतात आणि तिघांचं आपसात पटत नाही. म्हणून एका उजेडात एक वर येतो, दुसऱ्यात दुसरा. पण आता विचारलंच आहेस तर ऐक. इथल्या कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे दोन दिवस बसून, त्याचं डोकं खाऊन, हे शिकून आलोय.

यंत्राला सांग की रंगीत शाईला हात लावायचा नाही. फक्त काळी आणि दोन करड्या. तशी सोय सेटिंगमध्ये असते, तू कधी उघडून बघितली नसशील. कागद जो घातलाय तोच त्याला सांग. चकचकीत घालून मॅट सांगितलंस तर ते जास्त शाई ओततं आणि सावल्यांचा चिखल होतो. आधी नोझलची, म्हणजे शाईच्या तोट्यांची, पट्टी छापून बघ, एक जरी रेघ तुटकी असेल तर पुढचं सगळं वाया. आणि मुख्य म्हणजे छापल्या छापल्या निकाल देऊ नकोस. शाई रात्रभर वाळू दे, सकाळी खिडकीपाशी बघ. ओला प्रिंट आणि नवा जावई, दोघांबद्दल पहिल्या दिवशी मत बनवू नये.

चेहऱ्याचं म्हणशील तर निगेटिव्ह जुनी आहे. पंचेचाळीस वर्षांत ती उतरली असणार. उतरली की प्रिंट काळपट येतो, त्यात तुझा किंवा यंत्राचा दोष नाही. तू आपलं सगळंच थोडं उजळ कर आणि देऊन टाक. आमच्या धाकटीला, तुझ्या आईला, आता या वयात बारकावे कुठे दिसणार आहेत? उगाच कीस काढत बसू नकोस.

मामा

२० फेब्रुवारी

मामा,

तुझ्या तोंडात साखर पडो, पण थोडीशीच. करड्याचं जमलं. काळी आणि दोन करड्या, बस. रात्रभर वाळवला, सकाळी खिडकीत पाहिला, दुपारी ट्यूबखाली पाहिला. दोन्हीकडे तोच! हिरवा नाही, गुलाबी नाही. मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी छापली, एकविसाच्या एकवीस मोजता आल्या. म्हणजे यंत्र आता सरळ आहे, मामा. जे दिलं ते देतंय.

आणि तरीही चेहरा काळाच.

तू म्हणालास, निगेटिव्ह उतरली असेल. मग ती फक्त चेहऱ्यापुरती कशी उतरली? तिच्या ब्लाउजची ती लेसची पांढरी कॉलर आहे ना, ती तर झक्क येते. एक एक भोक मोजावं. मागची भिंतसुद्धा बरोबर. तुझं ऐकून सगळं उजळ केलं. गाल त्या वाचलेल्या तुकड्यावरच्या गालाशी जुळला, पण तेवढ्यात कॉलर गेली. लेस गेली, खांदा गेला, भिंत गेली, कोऱ्या कागदात नुसतं एक तोंड लोंबत राहिलं. शी! दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे काय, औषधाच्या जाहिरातीसाठी आहे का?" कॉलर सांभाळली की चेहरा जातो, चेहरा सांभाळला की कॉलर. तुझ्या जुन्या प्रिंटमध्ये मात्र दोन्ही आहेत, एकाच कागदावर, गुण्यागोविंदाने. कसे?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? निगेटिव्हमध्ये जो गोरा गाल नाहीच तो तू कुठून आणलास? कागद कुठला होता? काही वेगळं रसायन होतं का? आठव.

इकडे आईने चेहऱ्याला लावायची नवी डबी आणलीये. सहासष्टाव्या वर्षी. आरशासमोर बसून चोळते आणि म्हणते, "निदान फोटोतलीच्या जवळपास तरी जाऊ दे." मला लहानपणी ती असंच चोळायची, आठवतं ना तुला? दर रविवारी, कातडी सोलेपर्यंत. "तू माझ्यावर नाही गेलीस," असं म्हणत. त्या डबीचा गोडमिट्ट वास घरभर आहे आणि मला तिथे पाणी पिववत नाही.

भिंगरी

२७ फेब्रुवारी

भिंगरे,

कागद कुठला, रसायन कुठलं, हे मला आता आठवत नाही. तो कारखाना बंद पडून जमाना झाला. मी शेकड्यांनी प्रिंट केले, प्रत्येकाची कुंडली घेऊन बसलो नव्हतो.

एकवीस पायऱ्या छापून शहाणपण येत नाही. जो तुकडा वाचलाय त्याचाच स्कॅन करून बाकीचा भाग जोडून घे, हल्ली शाळेतली मुलंही असलं करतात. नाहीतर दुसरा एखादा फोटो दे. धाकटीला समजाव. एका कागदासाठी एवढं आकांडतांडव करायचं काही कारण नाही.

माझी पाठ धरलीये, जास्त लिहवत नाही. निगेटिव्ह परत पाठव. माझ्याकडची मूळ वस्तू आहे ती.

मामा

३ मार्च

मामा,

पाठ धरली की कोणी मानगूट धरली? तुझं पत्र वाचलं आणि मला कळलं की तुला सगळं आठवतंय. ज्याला आठवत नाही तो माणूस निगेटिव्ह परत मागत नाही.

मी तो तुकडा भिंगाखाली धरला. आधीच धरायला हवा होता, पण मला वाटत होतं खोट यंत्रात आहे. तुझ्या प्रिंटमध्ये खोट असेल असं स्वप्नातही आलं नाही. आपल्या घरात देवावर शंका घेतली तर चालायची, तुझ्या हातावर नाही.

काय दिसलं सांगू? कान. वरचा अर्धा कान गोरा आणि खालची पाळी काळी. गालाच्या कडेने मागची भिंतही उजळलीये, अंड्याच्या आकाराची, चेहऱ्याभोवती गोल. आणि हनुवटीखाली मान सुरू होते तिथे एक बाई संपते आणि दुसरी सुरू होते. मान माझ्या आईची आहे. चेहरा कुणाचा आहे मला माहीत नाही.

तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरचा दिवा चालू असताना ती चेहऱ्यावर धरायची आणि हलवत राहायची, म्हणजे तेवढ्या जागी कागदाला उजेड कमी लागतो आणि तेवढाच भाग गोरा येतो. हे मला तूच शिकवलंस. आठ वर्षांची होते, स्टुलावर उभी राहून मी ती तार धरायचे आणि तू म्हणायचास, "हलवत राहा, थांबलीस की चोरी पकडली जाते." तू कानापाशी थांबलास, मामा.

म्हणून जुळत नव्हतं. जगातली कुठलीही सेटिंग घातली असती तरी जुळलं नसतं. महिनाभर मी एका सरळ यंत्राला शिव्या घातल्या, त्याला साफ कर, शाई बदल, कागद बदल, आणि ते बिचारं चेहऱ्याबद्दल पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. माझी आई सावळी होती. लग्नाआधीही, विसाव्या वर्षीही. ती रापलीच नाही!

मला तुझी किळस आली. हे लिहिलेलं मी खोडणार नाही. तू कागदावर खोटं केलंस ते केलंस, ते आमच्या धंद्यात कोण करत नाही? माझ्या यंत्रावर एक सेटिंग आहे, मी स्वतः बसवलेली, सगळ्यांचे चेहरे दोन पायऱ्या उजळ करते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काल ती उघडून बघितली आणि स्वतःच्याच बोटांची शिसारी आली. पण गिऱ्हाइकाला घरी आरसा असतो. आईला तू काय सांगितलंस, की तिने आरशावरसुद्धा विश्वास ठेवला नाही?

निगेटिव्ह परत मिळणार नाही. आणि आता तिला मी काय सांगू तेवढं लिही.

भिंगरी

१४ मार्च

भिंगरे,

आठवडाभर पत्र समोर ठेवून बसलो होतो. लिहायला बसलं की डार्करूममधल्या रसायनांचा आंबट वास येतो, ती खोली पाडून वीस वर्षं झाली तरी.

धाकटीला दोन स्थळांकडून नकार आले होते. तोंडाने काही बोलले नाहीत, पण कशासाठी ते सगळ्यांना कळलं होतं. तिसऱ्या स्थळाने, म्हणजे तुझ्या बाबांच्या घरच्यांनी, फोटो मागवला. मी फोटो काढला आणि चांगला काढला. पहिला प्रिंट केला तो अगदी ती होती. आमच्या वडिलांनी, तुझ्या आजोबांनी, रसायनाच्या ट्रेमधून तो चिमट्याने उचलला, दिव्याखाली धरला आणि परत ट्रेमध्ये सोडला. एवढंच म्हणाले, "असा पाठवायचा?" मग माझ्या पाठीमागे उभे राहिले. मी चकती घेतली. दुसरा प्रिंट, "थोडं अजून." तिसरा, "अजून थोडं." पाचवा प्रिंट ट्रेमध्ये वर यायला लागला आणि मला, खरं सांगतो, अभिमान वाटला. इतकं सफाईदार काम मी तोवर केलं नव्हतं. सव्वीस वर्षांचा होतो. कानाची पाळी तेव्हाच दिसली होती मला. वाटलं, कोण बघतंय.

धाकटीने फोटो पाहिला तेव्हा ती हसली नाही. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, मी अशी आहे?" मी म्हणालो, "कॅमेरा खोटं बोलत नाही. आपल्या घरातला आरसाच जुना झालाय." तिचा माझ्यावर विश्वास होता. पुढे सासरी काहीतरी बोलणी झाली असतील, तेव्हा माहेरी आल्यावर मला म्हणाली, "मी रापले का रे?" मी म्हणालो, "हो, जराशी." त्या 'जराशी'ची मला स्वतःची जितकी किळस आहे तितकी तुला माझी येऊ शकणार नाही, तेव्हा त्या बाबतीत तू माझ्याशी स्पर्धा करू नकोस.

पण एक लक्षात घे. तो फोटो गेला नसता तर होकार आला नसता. होकार आला नसता तर ती आमच्याच घरात, वडिलांच्या तोंडाकडे बघत म्हातारी झाली असती. तू तर नसतीसच. मी जे केलं ते वाईट होतं, पण तिचं घर त्याच्यावर उभं राहिलं.

म्हणून हात जोडून सांगतो, तिला कळू देऊ नकोस. तुझ्या यंत्रात तेवढाच चेहरा निवडून उजळ करता येतो, मला माहीत आहे, आणि तिथे कानही सुटणार नाही. तसा करून दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिच्याजवळ दुसरं आहे तरी काय?

मामा

२ एप्रिल

मामा,

तुझं ऐकलं होतं. आधी हे वाच, म्हणजे पुढचं वाचताना मला शिव्या घालणार नाहीस.

तुझ्या पत्रानंतर दोन दिवस मी तुझ्यावर धुसफुसत राहिले, मग बसले आणि केला तुला हवा तसा फोटो. चेहरा निवडला, कान निवडला, पाळीसकट. दोन पायऱ्या, मग अडीच. कडा अशा विरवल्या की भिंगाखालीही शंका येऊ नये. तुझ्यापेक्षा सफाईदार. करताना तोंडाला कडू पाणी सुटत होतं, पण हात चालत होते, तुझाच वारसा. आणि मग, कोण जाणे का, मूळचाही एक छापला. काही न करता, एकवीस पायऱ्यांची ती सरळ सेटिंग, मॅट कागद. तो माझ्यासाठी होता; करड्याचं जमल्यानंतरचे सरळ प्रिंट आईला मी दाखवलेच नव्हते. दोन्ही रात्रभर वाळत ठेवले, खोटा टेबलावर आणि खरा आतल्या खोलीत फळीवर.

सकाळी आई नेहमीपेक्षा लवकर आली. मी पुढचं कुलूप काढतेय तोवर ही स्वतःच्या किल्लीने मागच्या दाराने आत. मी टेबलापाशी पोचले तर ती आतल्या खोलीतून खरा फोटो हातात घेऊन बाहेर आली आणि तिचं तोंड इतकं खुललेलं होतं की मला क्षणभर कळेचना. म्हणाली, "अगं, हा तुझा कधी काढलास? किती छान आलीयेस!"

तिने फोटो खिडकीपाशी नेला, चष्मा नाकावर खाली ओढला. "कुठून आणलास हा ब्लाउज? माझ्याकडे हुबेहूब..." आणि थांबली. मग लेसवरून बोट फिरवलं. मग टेबलावरचा पाहिला. मग परत हातातला.

ती मूर्ख नाही, मामा. आपण दोघं मिळून तिला तसं समजून चाललो होतो. तिने विचारलं, "कुठला खरा?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं, चकती, आजोबा, पाच प्रिंट, तुझं 'जराशी'. संपल्यावर ती मोरीत गेली, साबणाने हात धुतले, खूप वेळ धुतले, आणि बसने घरी निघून गेली. दोन्ही फोटो तिथेच ठेवून.

मी संध्याकाळी गेले तर ती नवी डबी कचऱ्याच्या बादलीत होती आणि आई भाजी चिरत होती. माझ्याशी बोलली ती फक्त मीठ कुठे आहे एवढंच. असे आठ दिवस गेले. परवा सकाळी म्हणाली, "मी तुझ्या आत्याकडे जाऊन येते." म्हटलं, कशाला? म्हणाली, "तिच्या आईबद्दल बोलायचंय." दिवसभर तिथे होती. परत आली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी, आणि तरीही मला काही सांगितलं नाही. म्हणाली, "तुझ्या मामाचा पत्ता लिहून दे. ह्यातलं तुला सांगायचं नाही, त्याला लिहायचंय."

मी विचारलं, मामाला माफ करशील का? तर म्हणाली, "तू आपली तुझी शाई बघ."

भिंगरी

९ एप्रिल

दादा,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

भिंगरीने सांगितलं त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण जे तोंडात येत होतं ते दुकानात लेकीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तुझा राग आला का? आला. आपल्या बाबांचा आला, पण ते आता हाताला लागत नाहीत. घरी आल्यावर मात्र एकच गोष्ट डोक्यात घुसून बसली. सासूबाई तीस वर्षं म्हणत होत्या, खोटा फोटो आहे. आणि मी तीस वर्षं त्यांना खोटारड्या म्हणत होते. चारचौघांत म्हटलंय. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी सगळं केलं, न्हाऊमाखू घातलं, पण गोड शब्द एक बोलले नाही. त्या माझ्या रंगावरून मला टोचतात, असंच मी धरून चालले होते.

म्हणून नणंदेकडे गेले. म्हटलं, तुझी आई खरं बोलत होती, मला आत्ता कळलं, तिची माफी मागायची राहिली ती तुझ्याकडे मागते. नणंदेने मला खाली बसवलं. मग तिने जे सांगितलं ते तुला सांगते, नीट बसून वाच.

फोटो जायच्या आधीच सासूबाई मला पाहून गेल्या होत्या. मी ग्रंथालयात पुस्तकं द्यायला बसायचे ना, तिथे. एकदा नाही, दोनदा. त्यांना वाचता येत नव्हतं. काहीतरी मागायचं म्हणून पुस्तक मागितलं, आणि मी म्हणे न हसता, न विचारता, त्यांच्या पुढ्यात चित्रांचं पुस्तक ठेवलं आणि खुर्ची ओढून दिली. मला काही आठवत नाही. रोज पन्नास माणसं यायची. घरी जाऊन त्या म्हणाल्या, "सावळी आहे, नाकीडोळी नीटस आहे, आणि माणसाची लाज राखते. हीच आणायची." सगळं ठरलं होतं, दादा. फोटो नुसता रीत म्हणून मागवला होता.

आणि मग तुझा फोटो गेला. नणंद सांगत होती, त्यांनी तो बघितला आणि ताटावरून उठल्या. म्हणाल्या, "इतकी चांगली मुलगी, आणि तिच्या घरच्यांनाच तिची लाज वाटते." त्यांना किळस आली ती तुमची. पुढे मी आले, आणि पहिल्याच भांडणात तोच फोटो त्यांच्या नाकासमोर नाचवला, मी अशी होते म्हणून. तेव्हापासून त्यांना वाटलं की मीही त्यात सामील आहे. स्वतःच्याच तोंडाची लाज असलेली सून. ती त्यांना मरेपर्यंत सहन झाली नाही. त्या खरं सांगायला गेल्या असत्या तर मी ऐकलं असतं का, तेही मला माहीत नाही. माझ्या भावाने सांगितलं होतं, कॅमेरा खोटं बोलत नाही.

एका घरात, एका चुलीपाशी, तीस वर्षं दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलो. तू भिंगरीला लिहिलंस म्हणे, तिचं घर त्याच्यावर उभं राहिलं. नाही दादा. घर आधीच उभं होतं. माझा खरा चेहरा बघून त्या बाईने हो म्हटलं होतं, आणि जगात तेवढी एकच होती.

मला आता माझा कुठलाच फोटो नको. सासूबाईंचा एकच आहे, ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तो भिंगरीला मोठा करायला दिलाय. धुरकट येईल म्हणाली. म्हटलं, येऊ दे, तू काही करू नकोस.

तुला यावंसं वाटलं तर ये. जेवायला वाढीन, पाठीला शेकायला पिशवी देईन, परत जाताना गाडीवर सोडायलाही येईन. पण "जाऊ दे दादा, झालं ते झालं" एवढं ऐकायला येत असशील तर तिकीट काढू नकोस. ते मी म्हणणार नाही.

धाकटी